मोडलेले कोपर आणि ऑपरेशनची घाई

कोपराजवळचे हाड मोडले की आपल्याकडे उपचारांची सरळ दोन दर्जांत विभागणी होते. ज्याला परवडते तो ऑपरेशन करून घेतो, ज्याला परवडत नाही तो प्लॅस्टरवर भागवतो. डॉक्टरांनीच ‘याला ऑपरेशनची गरज नाही’ असे सांगितले तर नातेवाइकांना हायसे वाटण्याऐवजी शंका येते. एक्स-रेमध्ये फट डोळ्यांना दिसते आहे, आणि हे म्हणतात झोळीत हात ठेवा! मग दुसरे मत, तिसरे मत, आणि शेवटी प्लेट बसवून देणारे कोणीतरी सापडतेच. या समजाला नुसता अडाणीपणा म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण त्याच्या पाठीशी एक वैद्यकीय युक्तिवाद आहे आणि तो ऐकायला भक्कम वाटतो. तो असा : कोपर हा सांधा आहे, सांध्यातले हाड मिलिमीटरच्या हिशेबाने जागेवर बसले पाहिजे, नाहीतर पुढे झीज होते, शिवाय प्लॅस्टरमध्ये कोपर आखडते, प्लेट किंवा स्क्रू लावले तर ते लगेच हलवता येते, म्हणून शहाण्याने ऑपरेशन करावे. यातले प्रत्येक विधान सुटे घेतले तर अर्धे खरे आहे. त्यांच्या बेरजेतून निघणारा निष्कर्ष मात्र कोपरालगतच्या बहुसंख्य फ्रॅक्चरांना लागू होत नाही. तो का होत नाही, आणि कुठे खरोखरच होतो, हे नीट मांडण्याची गरज आहे.

आधी कोणत्या हाडांविषयी बोलत आहोत ते स्पष्ट करू. दंडाच्या हाडाचे खालचे टोक हा वेगळा विषय आहे, तो इथे नाही. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात, अंगठ्याच्या बाजूला रेडियस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना. रेडियसचे वरचे टोक म्हणजे एक गोल चकती. तिला रेडियसचे डोके म्हणतात आणि तिच्याखालच्या बारीक भागाला मान. तळहात वर-खाली फिरवताना ही चकती जागच्या जागी गिरकी घेते. अल्नाचे वरचे टोक म्हणजे टेबलावर टेकतो ते कोपराचे टोक, ओलेक्रेनॉन. त्याला ट्रायसेप्स हा दंडामागचा स्नायू चिकटलेला असतो आणि तोच हात सरळ करतो. या टोकाच्या समोरच्या बाजूला कोरोनॉइड नावाचा छोटा उंचवटा असतो. कोपर मागे निसटू नये यासाठी तो अडसर म्हणून काम करतो. पडताना माणूस हात पुढे टेकवतो, धक्का मनगटातून वर चढतो आणि रेडियसचे डोके दंडाच्या हाडावर आपटते. प्रौढांमध्ये कोपराचे सर्वांत जास्त आढळणारे फ्रॅक्चर हेच, आणि त्यातली मोठी संख्या साध्या, जागच्या जागी तडा गेलेल्या फ्रॅक्चरांची असते.

या सांध्याचा एक स्वभाव लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच उमगत नाही. दंड-अल्ना, दंड-रेडियस आणि रेडियस-अल्ना असे तीन सांधे इथे एकाच आवरणात कोंबलेले आहेत, आणि ते आवरण दुखापतीनंतर फार लवकर जाड होऊन आकसते. समोरचा ब्रेकिआलिस स्नायू थेट आवरणाला लागून असतो. त्यात रक्त साचले, चोळाचोळ झाली, तर तिथे नको असलेले हाड तयार होऊ शकते. हाड न जुळणे ही खांद्याखालच्या किंवा मांडीच्या फ्रॅक्चरमधली मोठी भीती. कोपरात हाड बहुधा जुळते, पण हात आखडतो. आणि आखडण्याला काही प्रमाणात वावही आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये बर्नार्ड मॉरी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की रोजची बहुतेक कामे कोपर ३० ते १३० अंशांमध्ये वाकत असेल आणि तळहात दोन्हीकडे ५०-५० अंश फिरत असेल तर होऊन जातात. म्हणजे शेवटचे दहा-पंधरा अंश सरळ झाले नाहीत तर फोटोत दिसेल, पण जेवणात, केस विंचरण्यात, दार उघडण्यात अडणार नाही. म्हणून उपचार निवडताना खरा प्रश्न असा असतो की हा हात लवकरात लवकर, सुरक्षितपणे हलवायला कशाने मिळेल? एक्स-रे किती देखणा दिसेल, हा प्रश्न त्यानंतरचा.

ऑपरेशनच्या बाजूचा युक्तिवाद इथेच आपला इतिहास विसरतो. मोडलेले हाड स्थिर ठेवायचे की हलवायचे, हा वाद एकोणिसाव्या शतकातला आहे. १८५२ मध्ये डच लष्करी डॉक्टर अँटोनियस मॅथाइसन याने प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या आणल्या आणि स्थिर ठेवणे सोपे झाले. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस पूर्ण, अखंड आणि दीर्घ विश्रांतीचा कट्टर पुरस्कर्ता होता. (त्याचे वडील पिढीजात हाडवैद्य होते, हे आपल्याकडच्या वाचकाला गमतीचे वाटेल.) त्याच काळात पॅरिसचा ज्यूस्त ल्यूका-शांपिओनिएर उलट सांगत होता की सांध्याजवळची फ्रॅक्चर लवकर हलवली तरच बरी होतात. पुढची अनेक दशके थॉमसचे पारडे जड राहिले आणि प्लॅस्टरमधून आखडलेले हात-पाय बाहेर पडत राहिले. त्याला उत्तर म्हणून १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बील गावी मॉरिस म्यूलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एओ हा गट स्थापन केला. हाड प्लेट-स्क्रूने पक्के करा म्हणजे सांधा लगेच हलवता येईल, ही त्यांची भूमिका होती. आजची सारी प्लेट-संस्कृती तिथून आली. पण नीट पाहिले तर एओचे साध्य हालचाल हे होते, प्लेट हे त्याचे साधन. ज्या फ्रॅक्चरमध्ये हाड मुळातच इतके पक्के आहे की पहिल्या आठवड्यात हलवले तरी निसटत नाही, तिथे साध्य साधनाशिवायच हातात आहे. तिथे प्लेट लावणे म्हणजे ज्या कारणासाठी प्लेट निघाली ते कारण विसरून प्लेटचीच पूजा करणे होय.

आता पुराव्याकडे वळू. रेडियसच्या डोक्याच्या फ्रॅक्चरचे आजही वापरले जाणारे वर्गीकरण एम. एल. मेसन यांनी १९५४ मध्ये शंभर रुग्णांच्या आधारे मांडले. पहिला प्रकार जागचा न हललेला तडा, दुसरा सरकलेला तुकडा, तिसरा संपूर्ण डोक्याचा चुरा. दुसऱ्या प्रकारात ‘सरकलेला’ म्हणजे किती, याचा आकडा मेसन यांनी दिला नव्हता. २ मिलिमीटरची रेषा ब्रोबर्ग आणि मॉरी यांनी ऐंशीच्या दशकात आखली. वर्गीकरणाला कुठेतरी रेषा लागतेच, त्यात गैर काही नाही. गैर हे झाले की ही रेषा पुढे ऑपरेशनचा उंबरठा म्हणून वापरली जाऊ लागली. २ मिलिमीटरच्या आत असेल तर झोळी, बाहेर असेल तर स्क्रू. एक्स-रेचा कोन थोडा बदलला तरी हे मोजमाप बदलते आणि एकाच चित्रावर दोन तज्ज्ञांचे एकमत होतेच असे नाही. सीटी स्कॅन सरसकट होऊ लागल्यापासून तर साध्या एक्स-रेत ‘पहिला प्रकार’ वाटणारे फ्रॅक्चर स्कॅनमध्ये ‘दुसऱ्या’त बढती घेते. रुग्णाचा हात तोच असतो, त्याच्यापुढे ठेवलेला कागद तेवढा बदलतो.

रेषेपलीकडच्या, म्हणजे २ ते ५ मिलिमीटर सरकलेल्या फ्रॅक्चरांचे ऑपरेशनाविना काय होते? स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अशा ४९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुखापतीला तेव्हा सरासरी १९ वर्षे झाली होती. ४९ पैकी ४० जणांना कोणतीही तक्रार नव्हती, ८ जणांना किरकोळ त्रास होता आणि एकाचाच निकाल वाईट होता. सहा जणांना मधल्या काळात रेडियसचे डोके काढून टाकण्याचे ऑपरेशन करावे लागले होते. त्यांच्याविषयी शेवटी बोलू. सरकलेल्या फ्रॅक्चरांबाबत कॅनडात झालेल्या तुलनेतही, स्क्रू लावलेल्या आणि न लावलेल्या रुग्णांच्या हाताच्या कार्यात रुग्णाला जाणवेल असा फरक आढळला नाही, गुंतागुंत मात्र ऑपरेशनच्या गटात जास्त निघाली. एडिनबरोच्या डॉक्टरांनी स्थिर फ्रॅक्चर असलेल्या शंभर रुग्णांचा सरासरी दहा वर्षांनी मागोवा घेतला तेव्हा त्यातले ९२ जण समाधानी होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो माल्मोच्याच अभ्यासातून घेतला जातो. त्या रुग्णांपैकी ८२ टक्क्यांच्या दुखऱ्या कोपरात एक्स-रेवर झिजेची चिन्हे होती, दुसऱ्या, धडधाकट कोपरात ती २१ टक्क्यांना होती. बघा, फट तशीच ठेवली तर सांधा झिजतो! आकडा खरा आहे. पण तो घेऊन पळण्याआधी त्याच्या शेजारचा आकडा वाचावा लागतो. झिजेची चिन्हे असलेल्यांतल्या बहुतेकांना एकोणीस वर्षांनंतरही दुखत नव्हते. कोपर हा गुडघ्यासारखा सगळे अंग पेलणारा सांधा नाही, त्यामुळे चित्रातली झीज आणि माणसाची वेदना यांची सांगड इथे सैल असते. शिवाय ही झीज केवळ फटीमुळे झाली असे गृहीत धरण्याचे कारण नाही. आपटण्याच्या क्षणी कूर्चेला जो मार बसतो तो बसलेलाच असतो, आणि नंतर लावलेला कोणताही स्क्रू तो परत घेत नाही. ऑपरेशनने झीज टळते असे म्हणणाऱ्याने ऑपरेशन झालेल्यांची तितक्याच वर्षांनंतरची, झीज नसलेली कोपरे दाखवावीत. ती जबाबदारी त्याची आहे, कारण चाकू त्याला चालवायचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माल्मोचा अभ्यास मागे वळून केलेला आहे, त्यात ऑपरेशनचा गटच नव्हता आणि चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटलेले नव्हते. हे मान्य. पण पुरावा अपुरा आहे याचा अर्थ वादातल्या दोन्ही बाजूंना समान सवलत मिळते असा होत नाही. ऑपरेशनमध्ये निश्चित अशी किंमत आधी चुकवावी लागते. रेडियसची चकती सतत फिरत असल्याने तिच्या परिघावर सुमारे ११० अंशांचाच असा भाग असतो जिथे प्लेट लावली तर ती अल्नाला घासत नाही. मानेला वळसा घालून जाणारी एक नस बोटे सरळ करणाऱ्या स्नायूंना चालवते, आणि ती शस्त्रक्रियेच्या वाटेवरच आहे. वर जंतुसंसर्ग, भूल, नको त्या जागी हाड वाढणे, नंतर प्लेट टोचू लागली म्हणून ती काढायचे दुसरे ऑपरेशन. आणि सगळ्यांत उपरोधाची गोष्ट म्हणजे आवरण कापून शिवल्याने येणारा ताठरपणा. जो टाळण्यासाठी ऑपरेशन केले तोच! फायदा सिद्ध नसताना तोटा निश्चित असेल, तर पुराव्याचे ओझे तोटा करणाऱ्याने वाहायचे असते.

ओलेक्रेनॉनच्या बाबतीत माझे म्हणणे जास्त खटकेल, कारण तिथे फट नुसती दिसत नाही, बोटाला लागते. ट्रायसेप्स टोकाचा तुकडा वर खेचून घेतो आणि कोपरामागे खड्डा पडतो. तरुण, कष्टाचे काम करणाऱ्या माणसात अशा सरकलेल्या फ्रॅक्चरला तार किंवा प्लेट लावणे योग्यच आहे, त्यावर वाद नाही. वाद आहे तो पंचाहत्तरी ओलांडलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या आजी-आजोबांबद्दल. एडिनबरोमध्ये ७५ वर्षे आणि त्यावरील रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले गेले, एका गटाला ऑपरेशन आणि दुसऱ्याला झोळी व हालचाल. ही चाचणी पूर्ण होऊ शकली नाही. ऑपरेशन झालेल्या ११ पैकी ९ जणांना गुंतागुंत झाली, बिनऑपरेशनच्या ८ जणांच्या गटात ती एकालाच झाली, आणि पुढे रुग्ण घेणे योग्य नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या हाताच्या कार्यात फरक नव्हता. अवघे एकोणीस रुग्ण, असे कोणी म्हणेल. म्हणावेच. पण चाचणी छोटी का राहिली हे विसरता येत नाही. रुग्ण मिळेनात म्हणून ती आटोपली नव्हती, ऑपरेशनचा गट सहन होईना म्हणून ती आटोपली. बिनऑपरेशनच्या उपचारात अशा रुग्णांचे हाड बऱ्याचदा हाडाने जुळतच नाही, मधे तंतुमय जोड तयार होतो आणि एक्स-रेत फट कायम दिसत राहते. मुले-सुना तो एक्स-रे पाहून हळहळतात. आजी त्याच हाताने पदर सावरत असतात, चहाचा कप उचलत असतात. हात सरळ करायला गुरुत्वाकर्षण मदतीला असते, आणि डोक्यावरच्या फळीवर पातेले ढकलण्याइतकी ताकद या वयात रोज कोणाला लागते? काठी किंवा वॉकरवर अंग टाकून चालणाऱ्या वृद्धांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. त्यांचा हात म्हणजे पाय असतो.

इथवर वाचून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की कोपराचे कोणतेही फ्रॅक्चर झोळीत टाकून मोकळे व्हावे. बिनऑपरेशनच्या उपचारांची बाजू घेणाऱ्यांनीच तिच्या सीमा सर्वांत कडकपणे सांगितल्या पाहिजेत, नाहीतर ती बाजू हलगर्जीपणाची ढाल होते. रेडियसच्या डोक्याचा तुकडा सांध्यात अडकून तळहात फिरवताना कुठेतरी खट्कन अडत असेल, आणि सांध्यात भूल देणारे इंजेक्शन दिल्यावरही अडतच असेल, तर तो तुकडा बसवावा किंवा काढावाच लागतो. कोपर निसटले, रेडियसचे डोके मोडले आणि कोरोनॉइडही तुटले, तर हात झोळीतसुद्धा जागेवर राहत नाही; अस्थिरोगतज्ज्ञ या त्रिकुटाला ‘भयंकर त्रयी’ म्हणतात ते उगीच नाही. डोक्याच्या फ्रॅक्चरबरोबर मनगट दुखत असेल तर दोन हाडांमधला पडदा वरपासून खालपर्यंत फाटलेला असू शकतो. १९५१ मध्ये पीटर एसेक्स-लोप्रेस्टी यांनी वर्णन केलेली ही दुखापत मनगट न तपासणाऱ्याच्या हातून हमखास निसटते. उघडी जखम असेल, नस किंवा रक्तवाहिनी दबली असेल, तर चर्चेला जागाच नाही.

मॉन्टेजिया फ्रॅक्चरवर थोडे थांबायला हवे, कारण सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. मिलानचे शल्यविशारद जोव्हान्नी मॉन्टेजिया यांनी १८१४ मध्ये हे नोंदले : अल्ना मोडते आणि त्याच वेळी रेडियसचे डोके जागेवरून निसटते. प्रौढांमध्ये याला ऑपरेशन लागते. लहान मुलांमध्ये मात्र बहुतेक वेळा अल्ना ओढून सरळ केली की डोके आपोआप आत जाते आणि प्लॅस्टर पुरते. म्हणजे इथेही बिनऑपरेशनचा उपचार आहे, पण तो अचूक निदानावर उभा आहे. एक्स-रेत अल्नाचा तडा ठळक दिसतो, डॉक्टर त्यालाच प्लॅस्टर घालतात आणि निसटलेले डोके कोणाच्या लक्षात येत नाही. रेडियसच्या दांड्यातून काढलेली रेषा कोणत्याही कोनातून घेतलेल्या एक्स-रेत दंडाच्या हाडाच्या गोलाकार टोकातून, म्हणजे कॅपिटेलममधून गेली पाहिजे, एवढी एक रेषा डोळ्यांनी ओढून पाहिली तर ही चूक टळते. महिन्या-दोन महिन्यांनी लक्षात आलेले मॉन्टेजिया मात्र साध्या ओढण्याने बसत नाही. त्याला मोठे ऑपरेशन लागते आणि तरी खात्री नसते.

आता दुसऱ्या आघाडीकडे वळणे भाग आहे, कारण बिनऑपरेशनच्या उपचाराला आपल्याकडे जी वाईट ओळख मिळाली ती शल्यविशारदांनी दिलेली नाही. ती दिली सहा-सहा आठवड्यांच्या प्लॅस्टरने आणि हाडवैद्याच्या पट्टीने. ‘हाड जुळेपर्यंत हलवायचे नाही’ हे वाक्य मांडीच्या हाडाला ठीक असेल, रेडियसच्या डोक्याच्या तड्याला ते घातक आहे. साध्या तड्याच्या रुग्णांमध्ये लगेच हालचाल आणि पाच दिवसांनी हालचाल अशी तुलना ब्रिटनमध्ये झाली, तेव्हा लगेच हलवणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात जास्त बरे वाटले आणि नुकसान काहीच झाले नाही. ग्रीसमधल्या एका चाचणीने पहिले दोन दिवस विश्रांती आणि मग हालचाल हा क्रम आठवडाभराच्या प्लॅस्टरपेक्षा चांगला ठरवला. मतभेद आहे तो पहिल्या दिवशी की तिसऱ्या, एवढाच. महिनाभर की दीड महिना, असा मतभेद कुठेच नाही. तरीही गावोगावी हे फ्रॅक्चर दंडापासून तळहातापर्यंत प्लॅस्टरमध्ये बंद होते, प्लॅस्टर निघाल्यावर हात निम्माही सरळ होत नाही, आणि शेजारी म्हणतात, तेव्हाच ऑपरेशन केले असते तर!

हाडवैद्याची गोष्ट वेगळी. त्यांचे कसब सरसकट नाकारण्यात अर्थ नाही. मुका मार, साधी लचक, सरळ जागच्या जागी असलेला तडा, यांवर लावलेल्या आंबेहळद-रक्तरोड्याच्या लेपाने कोणी मेले नाही, आणि स्वस्त, जवळचा, आपल्या भाषेत बोलणारा माणूस ही त्यांची ताकद आहे. पण कोपर हे त्यांच्या पद्धतीला सर्वांत कमी सोसणारे ठिकाण आहे. बांबूच्या कामट्या घालून करकचून बांधलेल्या पट्टीखाली सूज वाढली की स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि बोटे कायमची आत वळतात. १८८१ मध्ये जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी घट्ट पट्ट्यांशी जोडून ज्याचे वर्णन केले तो हाच विकार. तो उलटवता येत नाही. आणि पट्टी काढल्यानंतरचे तेल लावून चोळणे, जोर देऊन ताणणे, हे समोरच्या स्नायूत हाड तयार व्हायला थेट निमंत्रण आहे. कोपराला मालिश नको. रुग्णाने स्वतःच्या ताकदीने, दुखण्याच्या मर्यादेत केलेली हालचाल हवी. चोळणारा भाऊ, ताणणारा पैलवान आणि अति-उत्साही फिजिओथेरपिस्ट हे तिघेही इथे सारखेच धोकादायक.

तर मग खरा बिनऑपरेशनचा उपचार कसा दिसतो? पहिले दोन-तीन दिवस दुखणे कमी करण्यापुरती मागे एक फळी किंवा नुसती झोळी, बर्फ, वेदनाशामक. सांध्यात रक्त फार साचून दुखत असेल तर सुईने ते काढता येते. मग झोळीतून हात बाहेर काढून दिवसातून अनेकदा वाकवणे, सरळ करणे, तळहात फिरवणे; बोटे आणि खांदा तर पहिल्याच दिवसापासून. आठवड्याभराने पुन्हा एक्स-रे, कारण काही तुकडे पहिल्या आठवड्यात सरकतात आणि ते तेव्हाच कळले पाहिजे. झोळी साधारण दोन आठवड्यांत सुटते. जड वजन उचलणे आणि दुचाकीचा हँडल दाबून धरणे सहा आठवडे टाळायचे. वाकणे लवकर परत येते, पूर्ण सरळ होणे सर्वांत शेवटी, आणि त्याला तीन महिनेही लागू शकतात. त्या काळात रुग्णाला कोणीतरी सांगत राहावे लागते की हे असेच असते, घाबरू नका. ऑपरेशन करणारा तासाभरात आपले काम संपवतो. इथे काम महिनोन्‌महिने चालते, ते दिसत नाही, आणि त्याचे बिल होत नाही.

शेवटचा मुद्दा गाठीशी ठेवून काही जण इथवर वाचत आले असतील. आपल्याकडचा रुग्ण परत येत नाही, व्यायाम करत नाही, तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट नाही. अशा माणसाला झोळी देणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे, त्यापेक्षा प्लेट लावली की निदान काहीतरी पक्के झाले. हा युक्तिवाद सहानुभूतीचा वाटतो, म्हणून तो जास्त काळजीपूर्वक तपासावा लागतो. जो रुग्ण झोळीनंतर व्यायाम करणार नाही तो प्लेटनंतर तरी का करेल? टाके, जखम आणि दुखणे यांमुळे तो आणखीच हात आवरून बसतो. प्लेट हाड धरून ठेवते, सांधा हलवत नाही. उलट ऑपरेशननंतर परत न येणाऱ्या रुग्णाच्या जखमेत पू झाला तर त्याची किंमत दुप्पट असते. खरी अडचण वेगळीकडे आहे. नेहमीच्या मेडिक्लेम पॉलिसीचा पाया रुग्णालयात दाखल होणे हा आहे, आणि दाखल झालेल्याच्या ऑपरेशनपाठोपाठ त्याच्या नंतरच्या उपचारांचा खर्चही ती बऱ्याचदा देते. झोळी घेऊन घरी गेलेल्या, बाह्यरुग्ण विभागात पाच-सहा वेळा दाखवायला येणाऱ्या, फिजिओथेरपीला स्वतःच्या खिशातून पैसे देणाऱ्या माणसासाठी तिच्यात सहसा काहीच नसते. म्हणजे ज्या उपचाराला पुरावा आहे तो खिशातून आणि ज्याला नाही तो कॅशलेस. हे उलटे गणित चालू असेपर्यंत कुटुंबाला ‘ऑपरेशन न करणे’ हेच महाग वाटणार, आणि ते वाटणे खोटेही नाही.

राहिली ती भीती, की आज टाळले आणि उद्या पश्चात्ताप झाला तर? यासाठीच माल्मोच्या त्या सहा जणांकडे परत जायचे. त्यांना पहिल्या उपचाराने समाधान मिळाले नाही म्हणून पुढे त्यांचे रेडियसचे डोके काढले गेले. हा त्यांचा तोटा आहे आणि तो लपवू नये. पण त्यातून हेही दिसते की स्थिर सांध्यातल्या रेडियसच्या डोक्याच्या फ्रॅक्चरमध्ये ऑपरेशनचा दरवाजा पहिल्या आठवड्यात कायमचा बंद होत नाही. मॉन्टेजियात तो बंद होतो, भयंकर त्रयीत होतो, म्हणूनच तिथे थांबायचे नाही. इथे थांबून पाहता येते, आणि सुरुवातीला केलेले ऑपरेशन मात्र नंतर न केल्यासारखे करता येत नाही. उरलेल्या ४३ जणांना १९ वर्षांत ती वेळ आली नाही.